दर्दभरे, बेवफा, ब्रेकअप: नागपुरातल्या प्रेमभंगाच्या गाण्यांची पार्श्वभूमी

प्रेमभंगाच्या गाण्यांचा विषय निघाला की नागपुरात कुणीतरी रामटेक काढतोच. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, हे आपण धरूनच चालतो; छत्तीसगडवाले तो मान सरगुजाच्या रामगढला देतात. पण त्या काव्यातल्या, बायकोपासून दुरावलेल्या यक्षाचा प्रेमभंग झालेलाच नव्हता. त्याला वर्षभराची शिक्षा होती, ती सरली की अलकेला, आपल्या नगरीत, परत. तेराव्या शतकातल्या विराण्यांतही, म्हणजे विरहाच्या अभंगांतही, भेटीची आसच आहे. याला विरह म्हणतात. विरहात परतीची वाट उघडी असते, प्रेमभंगात ती बंद झालेली असते. आणि मराठीत दोन्हींवर 'विरहगीत' हीच चिठ्ठी डकवली गेली. त्यामुळे भावगीतातली नायिका खिडकीशी बसूनच राहिली. उठून तोंड धुऊन कामाला लागलेली फारशी कुठे दिसत नाही. गझल थोडी निराळी. ती मराठीत घरोघरी नेणारा कवी सुरेश भट जन्माने अमरावतीचा, अखेर नागपुरात. रेशीमबागेतलं मोठं सभागृह त्याच्याच नावाचं. त्याच्या शेरांतला हरलेला माणूस हात जोडत नाही, टोमणा मारतो.

शहर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी, म्हणून हिंदी इथे पाहुणी कधीच नव्हती. घरी मराठी बोलणारे पोट्टेही रडायचे ते हिंदीत. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं हटली, तेव्हा कान रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये आकाशवाणीची विविध भारती आली आणि ते परतले.

खरा बदल केला कॅसेटने. ऐंशीच्या दशकात बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, दुकानात वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, सोबत कोरी साठ मिनिटांची कॅसेट, आणि दोन दिवसांनी भरून मिळायची. एका बाजूला सहा-सात गाणी मावत. सातवं अर्धवट तुटलं तर ते तुटलेलंच पाठ व्हायचं. पुढे कधी पूर्ण ऐकू आलं तर चुकीचं वाटायचं. लेबलवर दुकानदाराच्या अक्षरात 'दर्दभरे'. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरली की कॅसेट वाकडी, मग आवाजही हेलकावे खात येई. दुःखाला ते शोभूनही दिसे.

ही भरून देण्याची सोय बेकायदा होती, पण तिच्यावर फारसं कुणी भांडलं नाही. भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवर. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात एक सवलत होती: नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि जुनं गाणं नव्या आवाजात काढा. एका कंपनीने या फटीतून दिवंगत गायकांची दर्दभरी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. मूळ रेकॉर्डवाल्यांनी याला लूट म्हटलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मूळ कॅसेटची किंमत ज्याला परवडत नव्हती, त्याला ती गाणी पोचवली ती या लुटीनेच. कित्येक घरांत नवा आवाजच मूळ समजला गेला. २०१२ च्या दुरुस्तीत मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबण्याची अट आली, तोवर कॅसेटच संपली होती.

'बेवफा' हा शब्द याच कॅसेटांनी रस्त्यावर आणला. पाकिस्तानातल्या मियांवालीच्या, सराइकी भाषेत गाणाऱ्या एका गायकाच्या चाली इकडे नव्या आवाजात आल्या, १९९५ मध्ये त्यांवर 'बेवफा सनम' हा चित्रपटही निघाला. सोबत अफवा आली: त्याने प्रेयसीचा खून केला, फाशीच्या आदल्या रात्री ही गाणी गायली. पानठेल्यावर हे शपथेवर सांगितलं जायचं. गायक मात्र तिकडे मजेत मैफली करत होता. दोष सगळा तिचा, अश्रू सगळे त्याचे, हा या गाण्यांचा साचा; तिची बाजू कुणी कॅसेटमध्ये भरली नाही.

२००५ च्या केंद्रीय धोरणानंतर खासगी एफएम नागपुरात पोचलं, रात्रीच्या कार्यक्रमांत श्रोते फोनवर स्वतःची गोष्ट सांगू लागले. मग कॉलर ट्यून: 'ती'ने फोन केलाच तर तिला ऐकू यावं म्हणून महिन्याला पैसे मोजायचे. आता 'ब्रेकअप' हा शब्द मराठीत बिनधास्त वापरला जातो, आणि पहिल्यांदाच सुटल्याच्या आनंदावर, ढोलावर नाचायची गाणी आली. लग्नाच्या वरातीतही ती वाजतात. नवरदेवाच्या पुढ्यात 'ती सोडून गेली'वर सगळे मित्र नाचतात, आणि बँडवाल्याला कुणी थांबवत नाही.