भाडं थांबवायचं की खर्च वळता करायचा?

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात शेजारच्या मावशी मांडीवर सूप घेऊन बीड्या वळत बसायच्या. परतीच्या पावसात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळायचं आणि थेंब नेमका सुपात पडायचा. मालकाला सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा कुणीतरी सल्ला दिला, "भाडंच देऊ नका, मग येतोय की पळत." त्यांनी सहा महिने भाडं थांबवलं. मालक आलाच नाही, त्याच्या वकिलाची नोटीस आली.

भाडं थांबवणं आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करून घेणं, दोन्हींत मालकाच्या हाती पैसे कमीच पडतात, म्हणून लोक गल्लत करतात. ही गल्लत घर घालवू शकते.

वेगळा करार नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचंच काम, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ सांगतं. त्याला लेखी नोटीस द्यायची. ती पोचल्यापासून वाजवी मुदतीत, म्हणजे किमान १५ दिवस देऊनही, त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करायचा. हिशेब आणि पावत्या मात्र जपायच्या, कारण खर्चाचा पुरावा तोच आणि तो मालकावर बंधनकारक असतो. बाकीचं भाडं महिन्याच्या महिन्याला गेलंच पाहिजे. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा.

भाडं नुसतं थांबवलं की तुम्ही थकबाकीदार. मागणीची नोटीस मिळाल्यावर ९० दिवसांनी मालक घर रिकामं करून मागायला कोर्टात जाऊ शकतो. समन्स आल्यावरही ९० दिवसांत सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढे नियमित भरत राहिलात आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही दिलात, तर घर वाचतं. मावशींनी नोटीस येताच कर्ज काढून पैसे भरले.

वळतं करण्याला एक मर्यादा आहे, आणि ती मला फार बोचते. कुठल्याही वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. महिना ३०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ३,६०० आणि हाती येतात फक्त ९००. तेवढ्यात गवंडी आणि हाताखालचा माणूस यांची एक दिवसाची हजेरीही धड निघत नाही. म्हणून नोटीस एकट्याने देऊ नका. कायदा एकत्र नोटीस मान्य करतो. एकाच माळवदाखाली तेवढंच भाडं देणारी आठ बिऱ्हाडं असतील तर ७,२०० रुपये होतात.

सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या चाळीला हा कायदा लागू नाही. तिथे त्या कार्यालयातच लेखी अर्ज करून पोच घ्यावी लागते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाराही भाडेकरू ठरत नाही, त्याला कराराच्या कागदावरच बोट ठेवावं लागतं. तेव्हा नोटीस लिहायला बसण्याआधी तुमच्या कागदावर 'भाडेकरू' लिहिलंय की 'लायसन्सी', ते पाहून घ्या.