कुलुपात ओतलेले तांबे : शांगछिंग पोथ्यांचा प्रवास

चीनमधील मध्ययुगीन ताओ पंथाच्या पोथ्यांचा इतिहास हा बराचसा हस्ताक्षरांचा इतिहास आहे. इ.स. 364 पासून काही वर्षे, आजच्या नानजिंगजवळच्या जूरोंग येथे, यांग शी या साधकाला रात्री सिद्धांचे आणि देवतांचे दर्शन घडे आणि त्या जे सांगत ते तो उतरवून घेई, अशी परंपरेची श्रद्धा आहे. 334 मध्ये निवर्तलेली वेइ ह्वाछुन ही त्यांतली त्याची मुख्य गुरू. त्याचा आश्रयदाता शू मी आणि शू मीचा मुलगा शू हुइ यांनी या लेखनाच्या नकला केल्या. या तिघांच्या हातचे कागद हेच ताओ पंथातल्या शांगछिंग संप्रदायाचे मूळ धन होय.

अशी पोथी कोणालाही मिळत नसे. रेशीम आणि सोने अर्पण करून, गुप्ततेची शपथ घेतल्यावरच गुरू ती शिष्याच्या हाती देई. बनावट पोथ्यांना वाव मिळाला तो या गुप्ततेमुळेच, असे मला वाटते, कारण ताडून पाहायला दुसरी प्रत सहसा कोणाजवळ नसे. शू हुइचा मुलगा शू ह्वांगमिन याच्याकडून वांग लिंगची याने बर्फात उभे राहून, जिवावर उदार होऊन पोथ्या मिळवल्या. मग त्यांत भर घालून पन्नासहून अधिक पोथ्या तयार केल्या आणि अर्पणाची रक्कमही वाढवली. खुद्द ह्वांगमिनला फरक उमगला नाही. त्याने त्याच पोथ्या वांगकडून उतरवून घेतल्या.

ह्वांगमिनने अस्सल कागद आजच्या चच्यांग प्रांतातील मा लांग याच्या घरी ठेवले होते. मी स्वतः आल्याशिवाय ते देऊ नयेत, असे त्याने बजावले होते. 429 मध्ये परगावी आजारी पडल्यावर त्याने माणूस पाठवला, तरी मा लांगने दिलेला शब्द मोडला नाही, आणि ह्वांगमिन तिकडेच वारला. पुढे मा लांगने ते कागद ठेवलेल्या कपाटाच्या कुलुपात वितळलेले तांबे ओतले आणि ते उघडायचे नाही, अशी घरच्यांना ताकीद दिली. 465 मध्ये राजाज्ञेने ते कागद राजधानीत आले.

हे सारे आपल्याला कळते ते ताओ होंगजिंगमुळे. 492 मध्ये राजसेवा सोडून तो माओशान पर्वतावर राहायला गेला आणि विखुरलेले कागद जमवून त्याने 'झन्गाओ' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याची कसोटी अक्षराची होती: यांगचे अक्षर सर्वांत सुबक, शू हुइचे यांगच्याच वळणाचे पण धारदार, शू मीची जलद लिपी चांगली पण सुटे अक्षर जुन्या वळणाचे, ओबडधोबड. मूळ मजकुरात मिसळू नयेत म्हणून त्याने आपल्या टिपा बारीक तांबड्या अक्षरांत लिहिल्या. पुढच्या छापील प्रतींत मात्र तो रंग उरला नाही.