विमानाचं स्टिअरिंग पायात असतं

बारामती, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर शिकाऊ विमानांच्या फेऱ्या चालू असतात. चाकं टेकली की पुन्हा इंजिनाला जोर, पुन्हा वर, पुन्हा उतरायचं. एवढा घोटून घेतलेला धडा, तरी विमान हातातून सुटतं ते बऱ्याचदा इथेच. कधीकधी तर चाकं टेकल्यानंतर.

यात सवयीचा मोठा हात असतो. सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानात वैमानिकासमोर मोटारीसारखं चक्र असतं, पण जमिनीवर ते फिरवून विमान वळत नाही. ते हलवतं पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, म्हणजे एलेरॉन. वळवायचं काम पायांचं: पेडल दाबलं की शेपटीवरची उभी झडप, म्हणजे रडर, हलते आणि जमिनीवर पुढचं चाकही वळतं.

ही विमानं उतरायला येतात ताशी साधारण १२० किलोमीटरनं. आडव्या वाऱ्यात शेपटीच्या उभ्या पात्यावर वाऱ्याचा रेटा बसतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेला फिरू पाहतं. समजा, ते डावीकडे गेलं. जन्मभर गाडी चालवलेला माणूस काय करील? चक्र उजवीकडे फिरवील. त्यानं डावा एलेरॉन खाली झुकतो, त्या पंखाची उचल वाढते आणि हवेचा अवरोधही वाढतो. पंख मागे खेचला जातो आणि नाक आणखी डावीकडे जातं! वर तो पंख उचलला जातो तो वेगळाच.

आपटून उसळलेल्या विमानातही हात असाच दगा देतो. वर गेलेलं नाक बघून विद्यार्थी चक्र पुढे ढकलतो, पुढचं चाक आधी आदळतं, विमान पुन्हा उसळतं. प्रत्येक उडी आधीपेक्षा वाईट, आणि शेवटी पुढच्या चाकाचा दांडा मोडून नाकावरचा फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर, जमिनीला लागू शकतो.

अशा वेळी उतरणं सोडून परत वर जाणंच बरं. पण तिथेही गोम आहे. वेग कमी, नाक वर आणि इंजिनाला अचानक पूर्ण जोर, की प्रोपेलरच्या परिणामानं विमान डावीकडे ओढ घेतं. उजवा पाय वेळेवर दाबावाच लागतो.

काही प्रशिक्षक त्यावर साधा उपाय करतात. सुरुवातीच्या धड्यांत विद्यार्थ्याला दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगतात आणि विमान जमिनीवर नुसत्या पायांनी चालवायला लावतात.