हार्डांगरच्या तळातला कंठा

१८५३ साल. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हार्डांगर फ्योर्ड. हिमनदीने डोंगर कोरला आणि मागाहून समुद्र आत शिरला, अशी ही अरुंद खाडी. तिचा तळ काही ठिकाणी ८०० मीटरांहून खोल आहे. लोखंडी चौकटीचं जाळं खाली सोडायचं, खडकावरून फरफटत आणायचं आणि वर ओढायचं, असं काम चाललं होतं. एका खेपेला पोवळ्यासारखा लाल समुद्रतारा आला. नेहमीच्या ताऱ्याला पाच हात असतात. याला अकराच्या आसपास होते, लांबलचक, काटेरी, मधल्या छोट्या चकतीला इतके नाजूक जोडलेले की वर येता येताच निखळून पडत. तळाशी हा प्राणी हात वर उभारून बसतो आणि पाण्याच्या प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव टिपतो.

१८५६ मध्ये या ताऱ्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा त्याला नाव मिळालं ब्रिसिंगा एन्डेकाक्नेमॉस. दुसरा शब्द अकरा हातांचा. पहिला थेट नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणातला: फ्रेया देवीचा झळझळता कंठा, ब्रिसिंगामेन, जो लोकी या कपटी देवाने पळवला होता.

हे बारसं करणारे पेटर क्रिस्टेन आस्ब्यर्नसन. नॉर्वेत त्यांना शाळकरी पोरंही ओळखतात, पण समुद्रताऱ्यामुळे नव्हे, लोककथांमुळे. मला मात्र ही दोन कामं वेगळी वाटतच नाहीत.

जन्म १८१२, ख्रिस्तियानिया म्हणजे आजचं ऑस्लो. वडील खिडक्यांना काचा बसवणारे. शिकवणीच्या दिवसांत योर्गन मू हा मित्र भेटला, तो पुढे बिशप झाला. आस्ब्यर्नसन वैद्यकी शिकत होते, पण पैशांची ओढाताण. काही वर्षं खेडेगावात घरगुती शिक्षक म्हणून काढली. तिथे गोष्टी कानावर पडत आणि ते टिपून ठेवत. १८४१ पासून दोघा मित्रांचा नॉर्वेजियन लोककथांचा संग्रह भागाभागाने निघू लागला. देशाची लिखित भाषा तेव्हा डॅनिश होती. माणसं बोलतात तशी वाक्यं छापायची, तर त्या डॅनिशला आतून वाकवावं लागलं, आणि त्यांनी ते केलं.

पुढे किनाऱ्यावरचे प्राणी गोळा करण्याच्या निमित्ताने भटकंती वाढली आणि वहीत जीव व गोष्टी शेजारी शेजारी उतरत गेल्या. १८४५ च्या सुमाराला आलेल्या त्यांच्या दंतकथांत गोष्ट कधी एकटी येत नाही. सांगणारा कोण, कुठे बसलाय, बाहेर हवा कशी आहे, हे सगळं आधी येतं. नमुन्याच्या बाटलीवर ठिकाण लिहिलं नाही तर नमुना वाया जातो, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. एका कथेत मुडदूस झालेल्या बाळासाठी एक जाणती म्हातारी वितळलेलं शिसं पाण्यात ओतते आणि त्याच्या आकारांवरून दुखणं ओळखते. वैद्यकी शिकलेल्या या माणसाने तिची थट्टा केली नाही. तिचं बोलणं आणि तिचे हात नीट पाहून लिहिले. आपल्याकडच्या दृष्ट काढण्याची आठवण येते.

एकदा मात्र त्यांचा हा कान बंद झाला. १८६४ मध्ये त्यांनी टोपणनावाने पाकशास्त्राचं पुस्तक काढलं. शिजलेल्या पेजेत शेवटी मूठभर कच्चं पीठ घालण्याची बायकांची रीत म्हणजे पीठ फुकट घालवणं, असं त्यांनी रसायनशास्त्राच्या आधारे ठणकावलं. समाज-अभ्यासक आयलर्ट सुंट बायकांच्या बाजूने उभे राहिले: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीतीला काही कारण असेल, आधी ते शोधा. मोठी जुंपली. मला सुंट यांचं म्हणणं पटतं, आणि तेच आस्ब्यर्नसननी सुचवायला हवं होतं याची रुखरुख लागते.

डार्विनच्या नव्या सिद्धांताची ओळख नॉर्वेच्या वाचकांना १८६१ मध्येच त्यांनी करून दिली होती. सगळे सजीव एकमेकांचे नातलग, ही ती कल्पना. गोष्टींचीही नाती लावता येतात, हे लोककथाशास्त्राने पुढे दाखवलं. १९१० मध्ये फिनलंडचे आन्ती आर्ने यांनी कथांना क्रमांक द्यायची पद्धत घालून दिली; तिची वाढवलेली यादी आजही वापरात आहे.

आस्ब्यर्नसन आणि मू यांच्या संग्रहात तीन बोकड डोंगरकुरणावर चरून जाड व्हायला निघतात. वाटेत पूल, पुलाखाली राक्षस, डोळे थाळ्यांएवढे. धाकटा म्हणतो, मला नको खाऊस, मागून मोठा येतोय. मधलाही तेच सांगतो. तिसरा येतो तो शिंगं रोखूनच. या कथेचा क्रमांक १२२ई. तिच्या लगेच पुढे १२२एफ: ‘जाड होईपर्यंत थांब’. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा, असं वाघाला सांगून भोपळ्यात बसून टुणुक टुणुक परतणारी आपली म्हातारी याच घरातली.