समुद्री स्पंज (कोकण किनारा)

समुद्री स्पंज हा प्राणी आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे खडपात तो बऱ्याच जणांना शेवाळच वाटतो पण तसं नाहीये. पोरिफेरा संघातला हा जीव, जगात याच्या 9,000 हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, तरी समुद्र गाळायचं काम अखंड चालू.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या सुकतीला (ओहोटीला) खडपातल्या खळग्यात, दगडाच्या सावलीच्या अंगाला बघा, नारंगी किंवा पिवळट जाड थर चिकटलेला दिसेल आणि त्यावर ठळक भोकं. पाणी आत जातं ते या भोकांतून नाही, ते अंगभर असलेल्या बारीक छिद्रांतून जातं, मोठ्या भोकांतून गाळलेलं पाणी बाहेर पडतं. आत पोकळ्यांच्या अस्तरात कॉलर पेशी असतात, प्रत्येकीला एक शेपटी आणि तिच्याभोवती चाळणीसारखी कॉलर, शेपटी सतत हलते म्हणून पाणी ओढलं जातं आणि कॉलरमध्ये बॅक्टेरिया अडकतात. मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहानसुद्धा, जे कालवांना नीट पकडता येत नाहीत. काही जाती दिवसाला स्वतःच्या आकाराच्या हजारो पट पाणी गाळतात! बघायला दगड उलटा केलात तर परत होता तसाच ठेवा, उन्हात राहिला तर खालचं सगळं मरतं.

पण नुसतं गाळणं एवढंच नाही. 2013 साली कॅरिबियनमधल्या प्रवाळांवरच्या संशोधनात दिसलं की पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय अन्न, जे बाकीच्या बहुतेक प्राण्यांना खाताच येत नाही, ते स्पंज घेतो आणि जुन्या पेशी भराभर टाकत राहतो, मग त्या पेशी कुर्ल्या, किडे वगैरे खातात. वाया जाणारं अन्न परत साखळीत येतं, मला तर याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

सांगाडा बहुतेकांचा सिलिकाच्या सुयांचा, म्हणून हात लावला की काहींची खाज सुटते. पळता येत नाही त्यामुळे बचावाला रसायनं, त्यातूनच रक्ताच्या कॅन्सरवरचं सायटाराबिन हे औषध सुचलं.

सगळेच गरीब नसतात बरं का. क्लायोना नावाचा स्पंज कालवांच्या शिंपल्यात आणि प्रवाळात बिळं पोखरतो, शिंपला चाळणीसारखा होऊन ठिसूळ पडतो, कालववाल्यांना तो नकोसा. पण मेलेले शिंपले फोडून चुना परत समुद्रात सोडतो तोही हाच.

गाळ मात्र बहुतेक स्पंजांना फार सोसत नाही, छिद्रं बुजली की पाणी ओढणं मंदावतं आणि खाणंही.