‘प्रोकॅल किती आलं?’ : सेप्सिसच्या रक्तचाचण्यांची पार्श्वभूमी

सोलापुरात सिव्हिलच्या आवारात किंवा रेल्वे लाइन्समधल्या एखाद्या आयसीयूबाहेर रात्री थांबलं, की अक्कलकोट, तुळजापूर, इंडीकडून आलेले नातेवाईक गावाकडे फोनवर सांगताना ऐकू येतात, “रक्तात इन्फेक्शन पसरलंय. प्रोकॅल चाळीस आलंय.” रक्तातलं इन्फेक्शन म्हणजे सेप्सिस, संसर्गाला तोंड देताना शरीराचा तोल बिघडून अवयव निकामी होऊ लागतात ती अवस्था; प्रोकॅल म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, त्यासाठीची एक रक्तचाचणी. माणूस वाचणार की नाही, ते त्या चाळीसवरूनच ठरल्यासारखं बोललं जातं. हे आकडे कुठून आले ते माहीत असलं, तर हातातल्या कागदाची एवढी धास्ती वाटणार नाही.

यातला सर्वांत जुना आकडा लॅक्टेटचा, म्हणजे रक्तातल्या लॅक्टिक आम्लाचा. तो एका बाळंतिणीच्या रक्तातून आला. १८४३ च्या जानेवारीत जर्मनीतल्या वुर्झबुर्ग शहरात बाळंतज्वराची साथ होती. २३ वर्षांची एक पहिलटकरीण प्रसूत झाली. त्याच रात्री पोट फुगून दुखायला लागलं, ताप चढला, नाडी धावू लागली आणि दीड दिवसात ती गेली. योहान योसेफ शेरर या वैद्यक आणि रसायन दोन्ही जाणणाऱ्या संशोधकाने तिच्या मृतदेहातल्या रक्तात लॅक्टिक आम्ल शोधून काढलं. पेशींचा श्वास कोंडत होता, त्याची ती खूण होती. पण सापडली ती बाई गेल्यानंतर. तीच खूण रुग्ण जिवंत असताना, वेळेत हाती यावी, यासाठीची धडपड म्हणजे पुढचा सगळा इतिहास, असं मला वाटतं.

सेप्सिसचा एक धागा थेट सोलापूरपर्यंत येतो. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांचं चीनच्या युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करताना बोट कापलं. जंतू रक्तात गेले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी घेतली. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकापुढून जाताना मला ते कापलेलं बोट आठवतं. तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचलेलंच नव्हतं.

सीआरपी हे रक्तातलं प्रथिन त्याआधी, १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं होतं. ते यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही दाह झाला तरी वाढतं, त्यामुळे एकट्या सीआरपीवरून फार काही ठरत नाही. १९६४ मध्ये ब्रॉडर आणि वाइल यांनी शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नसलेल्या रुग्णांचं लॅक्टेट मोजलं आणि जादा लॅक्टेट ४ मिलिमोलच्या वर गेलं की वाचण्याची आशा फार कमी होते, असं दाखवलं. शेररची खूण आता जिवंत माणसाच्या उशाशी आली.

प्रोकॅल्सिटोनिनची गोष्ट १९९३ ची. एरवी ते थायरॉइडमधल्या एका संप्रेरकाचं कच्चं रूप असतं आणि रक्तात जेमतेम सापडतं. फ्रान्समध्ये ७९ मुलांच्या रक्तात ते मोजलं, तेव्हा गंभीर जिवाणूसंसर्गात ते प्रचंड वाढलेलं दिसलं. अशा संसर्गात शरीरातले इतर अवयवही ते बनवू लागतात. मात्र मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं यांतही ते वाढतं. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे प्रोकॅलवर सोपवू नका असं सांगितलं. बंद कधी करायचं, यासाठी मात्र त्याचा आधार घेता येतो. ते उतरणीला लागलं की साधारण दिवसाला निम्मं होतं. आज चाळीस आणि उद्या वीस, ही चांगली बातमी आहे. पहिल्याच चाळीसवर रडारड करणाऱ्या घरच्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

२०२० मध्ये घेतलेल्या एका आढाव्यात सेप्सिससाठी अभ्यासलेले तब्बल २५८ जैवनिर्देशक, म्हणजे आजाराची खूण देणारे शरीरातले घटक, मोजले गेले. एकालाही एकट्याने निकाल देता आलेला नाही. आजार किती गंभीर हे सांगणाऱ्या, १९९६ पासूनच्या ‘सोफा’ गुणांकात रक्तातून येतात ते प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि ऑक्सिजन. यातल्या पहिल्या तीन चाचण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. सेप्सिसची २०१६ ची व्याख्या याच गुणांकावर उभी आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमध्ये सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे शॉकमध्ये गेलेल्या ४२४ रुग्णांवर एक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट पाहून ठरवले. उरलेल्यांच्या बोटाच्या पेरावर काचपट्टी दहा सेकंद दाबून धरायची, सोडायची आणि रंग तीन सेकंदांत परततो का ते बघून उपचार ठरवायचे. २८ दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के रुग्ण गेले, काचपट्टीच्या गटात ३४.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. तरी २०२१ च्या सूचनांत लॅक्टेटच्या जोडीला बोट दाबून पाहण्याची ही तपासणीही सुचवली आहे.