भाषण : प्रकार व सादरीकरण

श्रोत्यांसमोर एका वक्त्याने ठरावीक हेतूने केलेले सलग बोलणे म्हणजे भाषण. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात त्याचे तीन प्रकार मानले : घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा मागणारे, पुढे काय करावे हे पटवणारे आणि समारंभात गौरव किंवा निंदा करणारे. आज माहितीपर, मन वळवणारे आणि प्रसंगपर अशी विभागणी रूढ आहे. प्रकार ओळखण्यात गफलत झाली की तयारी वाया जाते. पाहुण्यांचा परिचय करून द्यायला उभे राहून स्वतःच व्याख्यान झोडणारे वक्ते हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

माहितीपर भाषणात मुख्य मुद्दे तीन, फार तर चार असावेत. वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला नाही; त्यामुळे एक मुद्दा संपून दुसरा सुरू होत असल्याचे उघड सांगावे लागते. आकडे कानाला पेलतील असे करावेत : ४,७४,३१२ ऐवजी ‘पावणेपाच लाख’.

मन वळवणाऱ्या भाषणासाठी ॲलन मन्रो यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मांडलेला पाच टप्प्यांचा क्रम अजून वापरात आहे : लक्ष वेधणे, गरज दाखवणे, उपाय सांगणे, परिणामाचे चित्र उभे करणे, कृतीचे आवाहन. चुका बहुधा शेवटच्या टप्प्यावर होतात. ‘रक्तदानाचे महत्त्व ओळखा’ यावर टाळ्या पडतात. ‘बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवूनच घरी जा’ यावर नोंदणी होते. श्रोत्यांच्या मनातला सर्वांत मोठा आक्षेप वक्त्याने स्वतःच काढून त्याला उत्तर द्यावे. तो टाळला, तर लोक तोच घोळवत बसतात आणि पुढचे ऐकत नाहीत.

प्रसंगपर भाषणे छोटी, पण निसरडी. परिचय एक-दोन मिनिटांत आटोपावा. पाहुण्यांच्या नावाचा उच्चार त्यांनाच विचारून घ्यावा आणि आजच्या विषयाशी संबंध असलेल्या दोन-तीन गोष्टीच सांगाव्यात; पदव्यांची यादी वाचू नये. आभाराची नावे पाठ असली तरी कागदावर हवीत, कारण नेमके एक सुटते आणि तेवढेच लक्षात राहते. श्रद्धांजलीत एक गुण आणि तो दिसेल असा एक प्रसंग पुरतो. ‘अष्टपैलू’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे कोणालाही लागू पडतात, म्हणून ती कोणाचीच राहत नाहीत. लांबीने प्रसंगाचे वजन वाढत नाही : १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, राष्ट्राध्यक्ष लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे, स्मरणात राहिले ते लिंकनचे भाषण.

तयारीच्या पद्धती चार. पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला टांगलेले असते. एक निसटले की पुढचे सगळे अडते. म्हणून सुरुवात आणि शेवट तेवढे पाठ करावेत व मधला भाग मुद्द्यांच्या टिपणावरून बोलावा. बहुतेक प्रसंगी हीच पद्धत उत्तम. शब्दन् शब्द नेमका लागतो तेथे लिहून वाचावे. मजकूर १६ ते १८ पॉइंटच्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला आणि वरच्या दोन-तृतीयांश भागातच छापावा, म्हणजे मान खाली जात नाही. पानांना क्रमांक घालावेत, पिन मारू नये आणि वाक्य पानाशेवटी तोडू नये. आयत्या वेळी बोलावे लागल्यास विधान, कारण, उदाहरण एवढ्यावर थांबावे.

सराव उभ्याने, मोठ्याने आणि घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात वाचन भरभर होते, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकतो. मराठीत मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द हा सुखाचा वेग, म्हणजे सात मिनिटांसाठी साडेसातशे शब्द भरपूर. वेळ कमी पडू लागल्यास वेग वाढवू नये. मधले एखादे उदाहरण गाळावे, समारोप मात्र शाबूत ठेवावा. काय गाळायचे हे सरावातच ठरवून टिपणावर खूण केलेली बरी.

मराठी वक्त्यांचा एक खास दोष म्हणजे वाक्याचा शेवट गिळणे. आपले क्रियापद आणि नकार दोन्ही बहुधा शेवटी येतात. श्वास तेथेच संपला, तर ‘करणार आहोत’ की ‘करणार नाही’ हे मागच्या रांगेला कळतच नाही. उपाय म्हणजे वाक्ये आखूड ठेवणे आणि श्वास वाक्याच्या मध्ये न घेता आधी घेणे.

हातातला माइक तोंडापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला धरावा. थेट समोर धरल्यास ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या हवेचे धक्के ऐकू येतात. माइक शिट्टी मारू लागला की पुष्कळजण त्याच्या जाळीवर हात ठेवतात आणि शिट्टी वाढते. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरल्यामुळे ती निर्माण होते. स्पीकरच्या मागच्या बाजूला सरकावे आणि माइक तोंडाजवळ आणून ध्वनियोजकाला आवाज कमी करायला सांगावे.